परखी

गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात.
चौदा वर्षं मी ते सगळे पायांनी मोजले,
खांद्याला पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक.
पिग्मीवाली बाई आली म्हणत लोक गल्ल्यात हात घालायचे.
दहा. वीस. नूरजहाँ बांगडीवालीचे पाच, तेही सुट्टे.
पाण्याची रेल्वे आली त्या उन्हाळ्यात
माणसं घागर विकत घ्यायची
आणि तरी म्हणायची, थांबा ताई, आजची राहिलीय.

पतसंस्थेच्या भिंतीवर सिद्रामअप्पांचा फोटो.
अप्पा म्हणे तुरीच्या पोत्यात परखी खुपसून
नुसत्या वासावर शिवार सांगायचे,
मग अंगठ्यानं ताग चोळून भोक बुजवायचे, की दाणा सांडू नये.
लोकांनी पैसे ठेवले ते त्या अंगठ्यावर.
नातू मन्मथ पुण्याहून शिकून आला.
त्याला धुळीची शिंक यायची.
साडेबारा टक्के, तो म्हणाला, आणि काचेचं ऑफिस बांधलं.
मला खुर्चीत बसवून पहिला चहा दिला तो त्यानंच.
हे मी पोलिसांना सांगितलं नाही.

मग एमआयडीसीतल्या गोदामात तपासणीवाले आले.
कर्जाला तारण: चाळीस हजार पोती तूर.
वरच्या थरात तूर होती.
खाली परखी घातली तर भुसा आला,
भुसाच,
आणि एका पोत्यातून उंदराचं वाळलेलं पिल्लू.

सिद्धेश्वराच्या यात्रेत शोभेची दारू उडाली त्या रात्री
तो कोणत्या रस्त्यानं गेला, कुणाला कळलं नाही.
मला मात्र सोळाही रस्ते ओळखत होते.
पिशवी हिसकली. पुस्तक नालीत पडलं.
चाभरे तेवढा काही बोलला नाही,
मुलीच्या लग्नाची तारीख काढून बसलेला माणूस,
नालीतून पुस्तक काढून त्यानंच माझ्या हातात दिलं.

तीन वर्षांनी, रात्री पावणेएकला फोन. नंबर भलताच लांब.
"ताई, मन्मथ बोलायलोय."
तिबिलिसी म्हणून गाव आहे. बर्फ पडतं.
खाली बेकरी, वरती तो. दाढी राखलीय, नाव दुसरं.
कुत्रा पाळलाय. झोप येईना झालीय.
आणि मिलचा भोंगा अजून पावणेसहालाच होतो का?

तीन वर्षं घोळवलेल्या शिव्या ओठांपर्यंत आल्या होत्या.
त्याऐवजी मी उठले, ट्रंकेतलं पुस्तक काढलं,
धुऊन वाळवलेलं, पापडासारखं कडक,
आणि वाचत सुटले.
खातं एक. खातं दोन. रसवंतीवाला गणपत, नऊ हजार.
तो ऐकत राहिला.
फरशीवर कुत्र्याची नखं वाजत होती.

आता महिन्याला एकदा येतो फोन.
पैशाचं विचारलं की म्हणतो, वकील बघतायत.
मग मी मागच्या खुणेपासून पुढं वाचते.
असं किती दिवस, विचारू नका. मलाही सांगता येणार नाही.

परवा म्हटलं, आठशे बारा,
लिंबाजी चाभरे, एकवीस हजार चारशे.
"लिंबराज," तो म्हणाला.
"लिंबाजी धाकटा. आणि चारशे नाही, चारशे साठ."

इतके दिवस मी स्वतःला समजावलं होतं,
काचेमागून याला माणसं दिसलीच नसतील,
सगळी सारखीच, पोत्यावर पोतं.
दिसली होती.
साठ रुपयांपर्यंत दिसली होती.

त्या रात्री फोन मीच ठेवला.

बाहेर उजाडलं. पावणेसहा वाजून गेले.
मिल बंद होऊन दोन वर्षं झाली,
पत्रेसुद्धा लोकांनी काढून नेले.
ते मी त्याला सांगितलेलं नाही.
होतो, म्हणते मी दर वेळी.
होतो की. रोज होतो.